गणपूर्तीअभावी

आपल्या लोकांना वेळेची किंमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी सहकारी सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस कधी तळापर्यंत वाचलेली नसते. तळाशी एक टीप असते. ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’ मनुष्यस्वभावाची इतकी अचूक जाण मला भल्याभल्या ग्रंथांत आढळलेली नाही. तुम्ही येणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे, तुमच्यावाचून आमचं अडणार नाही, आणि तरीही तुम्ही यावं अशी नम्र विनंती! लग्नपत्रिकेच्या खाली अशी टीप छापायची सोय असती तर कितीतरी मुहूर्त वेळेवर लागले असते.

आमच्या चौलात दहा वाजताची सभा साडेदहाला असते, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण एकदा मला वाटलं, आपण ती पहिली, तहकूब होणारी सभा बघावी तरी. बरोबर दहाच्या ठोक्याला शाळेच्या हॉलवर पोचलो. हॉलमध्ये सतरंजी, दोन पंखे, एक कुत्रं आणि सोसायटीचे सेक्रेटरी. सेक्रेटरी इतिवृत्ताच्या वहीत काहीतरी लिहीत होते. मी डोकावून पाहिलं तर, ‘सभा गणपूर्तीअभावी तहकूब करण्यात आली.’ माझ्याकडे बघून ते थोडे ओशाळले. म्हणाले, “या, बसा. तुम्ही लवकर आलात.” नोटिशीच्या वेळेवर पोचलेल्या माणसाला ‘लवकर आलात’ म्हणणारी सहकारी चळवळीइतकी दुसरी प्रेमळ चळवळ नसेल.

चौल म्हणजे अलिबागच्या खाली, रेवदंड्याला खेटून असलेलं आमचं गाव. गाव म्हटलं की चौलकर रागावतात, कारण एके काळी हे मोठं बंदर होतं. दहाव्या शतकात अल् मसुदी हा अरब प्रवासी इथे येऊन गेला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन इथे उतरला आणि तो घोडा विकायला जुन्नरकडे गेला. तिथे खानाने घोडाच ताब्यात घेतला. परत मिळाला, पण मध्यस्थी करावी लागली. आमच्याकडच्या एका व्याख्यात्याने या गोष्टीवरून असा निष्कर्ष काढला होता, की निकितिन जर घोडेव्यापाऱ्यांच्या सहकारी संघाचा सभासद असता तर खानाची ही हिंमत झाली नसती. टाळ्या पडल्या. चौलात पूर्वी तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी होती असं सांगतात. एवढी तळी खणायची म्हणजे तेव्हाही सूचक-अनुमोदक असणारच. पुढे पोर्तुगीज आले, १७४० साली गेले, आणि बंदर गाळात गेलं. बंदरच गाळात गेल्यावर गावातल्या इतर उपक्रमांनी तरी वेगळं काय करायचं?

व्याख्यात्याचा उल्लेख आलाच आहे तर मेळाव्याबद्दल सांगतो. सभा वेगळी आणि मेळावा वेगळा. सभा कायद्याने घ्यावी लागते, मेळावा हौसेने घेतात. १४ ते २० नोव्हेंबर हा सहकार सप्ताह. त्या सुमारास कुठे ना कुठे सप्तरंगी झेंडा लागतो, मांडव पडतो आणि ‘विना सहकार नाही उद्धार’ असा कापडी फलक वाऱ्यावर फडफडायला लागतो. थोड्याच दिवसांनी दत्तजयंतीला आमच्या दत्ताच्या डोंगरावरची जत्रा असते, ती पाच दिवस. मेळावा आणि जत्रा यांत मला विशेष फरक दिसत नाही. फक्त जत्रेला लोक पायऱ्या चढून आपल्या पायांनी जातात आणि मेळाव्याला टेंपो पाठवावा लागतो.

मेळाव्यात आधी सत्कार. शाल आणि श्रीफळ. नोव्हेंबरातल्या दुपारी पत्र्याच्या मांडवात शाल पांघरलेला कोकणी माणूस म्हणजे शिक्षा झाल्यासारखा दिसतो. पण श्रीफळाची गंमत त्याहून मोठी. आमचे सत्कारमूर्ती बहुधा वाडीवाले. घरात माळ्यावर नारळांचा ढीग. त्यांच्याच वाडीतला नारळ दुकानात जातो, दुकानातून सोसायटीत येतो आणि सोसायटीकडून सन्मानपूर्वक त्यांना परत मिळतो. एका गृहस्थाने तर व्यासपीठावरच नारळ कानाशी नेऊन हलवून पाहिला आणि शेजारच्याला म्हणाला, “माझ्याच माडाचा. मीच विकला तेव्हा पाणी जास्त होतं.”

मग व्याख्यान. सहकारावरचं व्याख्यान रॉचडेलपासून सुरू होतं. इंग्लंडातलं हे गाव मी पाहिलेलं नाही, पण तिथल्या टोड लेनमधून डोळे मिटून चालत जाईन. १८४४ सालचा डिसेंबर, अठ्ठावीस जण, त्यांत बरेच विणकर, अठ्ठावीस पौंडांचं भांडवल आणि दुकानात लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ न् मेणबत्त्या. तिथून व्याख्याते बोटीने हिंदुस्थानात येतात. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा. मग प्रवरानगर. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता. १९५०-५१ चा पहिला गळीत हंगाम. इथे आवाज चढतो. मग तो एकदम खाली येतो आणि आम्हा कोकणवासीयांकडे अनुकंपेने पाहत व्याख्याते विचारतात, “घाटावर सहकार एवढा फुलला, मग कोकणात का रुजला नाही?”

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतो आहे. जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं तेव्हाही विचारत, १९८१ साली रायगड झालं तरी विचारतच राहिले. उत्तरंही ठरलेली. कोकणी माणूस भांडकुदळ, कोकणी माणूस संशयी, कोकणी माणूस मुंबईला पळालेला. आम्ही खाली मान घालून ऐकतो, कारण वर पाहिलं की माईकवाल्याची नजर भिडते न् तो हसतो.

मला मात्र वाटतं, यात स्वभावाचा दोष नसून पिकाचा आहे. ऊस तोडला की थांबत नाही. दिवस-दोन दिवसांत गाळला नाही तर साखर उतरते, म्हणजे शेजाऱ्याचं तोंड बघावंसं वाटलं नाही तरी त्याच्याबरोबर कारखाना काढणं भाग पडतं. नारळाचं तसं आहे का? नारळ थांबतो. माडावर थांबतो, माळ्यावर थांबतो, भाव येईपर्यंत कोपऱ्यात गुपचूप पडून राहतो. सुपारी वाळवून ठेवली की तीही थांबते. ज्याचं पीक थांबतं तो माणूसही थांबतो, आणि थांबलेल्या माणसाला संघटित करणं फार अवघड. तरी मुरूडला सुपारी बागायतदारांचा सहकारी संघ आहे, आमच्या खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांच्या सोसायट्या आहेत. त्याचं कारण उघड आहे. मासळी उसापेक्षाही थांबत नाही.

शिवाय सामुदायिक मालकीचं आम्हाला वावडं आहे हे म्हणणं तर साफ खोटं. आमच्याकडचा कुठलाही सातबारा काढून बघा. बारा गुंठ्यांच्या वाडीला बत्तीस नावं! त्यांतली नऊ स्वर्गवासी, सात मुंबईला, दोन जणींचे पत्ते लागत नाहीत आणि उरलेले अलिबागच्या कोर्टात एकमेकांना तारखेला भेटतात. रॉचडेलला अठ्ठावीसच होते.

मालकीवरून आठवलं. १९९० च्या सुमारास एका मेळाव्यात मुंबईहून आलेल्या वक्त्यांनी रॉचडेल पार वगळलं आणि एकदम कुर्ल्याला गेले. माझी झोप उडाली. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज ही कंपनी १९८५ मध्ये बंद पडली होती. कामगार युनियनने ती स्वतःच चालवायला मागितली आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कामगारांच्या हवाली करायला मान्यता दिली. कामगारांनी आपले पैसे घातले, शेअर घेतले, दुसऱ्या वर्षी भट्टी पेटली. ‘काल ज्याच्या हातात कार्ड होतं तोच आज मालक!’ असं वक्ते म्हणाले तेव्हा मांडवात खरोखरच शांतता पसरली. १९८२ च्या संपात गिरणी सुटून परत आलेली माणसं त्या मांडवात बसली होती. त्यांना तो ‘मालक’ शब्द कसा लागला असेल, हे त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. (पुढे काही वर्षं बरी गेल्यावर तो कारखानाही अडचणीत आला, पण त्या दिवशी ते कोणाला ठाऊक नव्हतं.)

प्रश्नोत्तरांत त्यांतलेच एक जण उठले. म्हणाले, “साहेब, मालक आणि कामगार एकच झाल्यावर संप कोणाविरुद्ध करायचा?”

मांडव हसला. वक्तेही हसले. पण ते गृहस्थ हसत नव्हते. आयुष्यभर जे एक हत्यार वापरलं त्याचं काय करायचं, हा त्यांचा साधा हिशेब होता. वक्ते म्हणाले, “मग सभेत उठून विचारायचं.” हे उत्तर तेव्हा मला गुळमुळीत वाटलं. संप कुठे आणि सभा कुठे! संपाला वर्तमानपत्रात मथळा मिळतो, सभेला फार तर वडा.

मागच्या रांगेत एक तांडेल बसले होते. ते शेजारच्याला हळूच म्हणाले, “यात नवीन काय?” त्यांचंही खरंच होतं. कोळ्यांच्या होडीवर जुन्या पद्धतीत पगार नव्हताच. मासळी विकून खर्च वजा केला की उरलेल्याचे वाटे. काही होडीचे, काही जाळ्याचे, तांडेलाचा थोडा मोठा, खलाशांचा एकेक. जाळं रिकामं आलं तर तेही सगळ्यांच्या वाट्याला. होडीवर कोणी इतिवृत्त लिहीत नाही, कारण वाटे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत किनाऱ्यावर पडतात. सोसायटीचे वाटे कपाटात असतात. म्हणून वही लागते, अहवाल लागतो, ऑडिट लागतं आणि ते वाचून दाखवताना जांभया देणारा सभासद लागतो.

त्या जांभयांबद्दल मला आदर आहे. ताळेबंद वाचला जात असताना जागं राहून बघा एकदा. ‘राखीव निधी’ म्हटलं की पहिली पापणी मिटते. नफ्यातला चौथा हिस्सा तिकडे टाकावा लागतो, हे सेक्रेटरी दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी कोणीतरी विचारतं, “तो निधी राखून कोणासाठी ठेवलाय?” लाभांश कायद्याने सहसा पंधरा टक्क्यांच्या वर जात नाही. शंभराच्या शेअरवर पंधरा रुपये. म्हणून मग भेटवस्तू. आमच्या स्वयंपाकघरात चळवळीचा इतिहास मांडून ठेवलेला आहे. एक स्टीलचं ताट, दोन डबे, एक थर्मास. छत्री होती, ती पहिल्याच पावसात उलटली. घरातल्यांचा सहकारावरचा विश्वास थर्मासवर टिकून आहे.

आणि मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं.

त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्याने सकाळी वाडीत डोकं वर करून पाहिलं तर झावळ्यांचं छत असायचं आणि संध्याकाळी तिथे नुसतं आभाळ बघितलं, त्याला वर्णन नको असतं आणि इतरांना ते कळत नाही. पोफळी तर काड्यांसारख्या मोडल्या होत्या. वीज किती दिवस नव्हती ते मोजणंही आम्ही सोडून दिलं. त्यात कोविडची टाळेबंदी. पण दुसऱ्या दिवशी पहाटे गावात कोयत्या-कुऱ्हाडींचे आवाज सुरू झाले. कोणाच्या वाडीतला माड कोणाच्या कौलांवर, हे विचारायला कोणी थांबलं नाही. रस्ते मोकळे झाले, विहिरी उपसल्या, म्हाताऱ्यांच्या घरांवर ताडपत्र्या पडल्या. ना सूचक, ना अनुमोदक.

पुढे सगळे म्हणायला लागले, खरा सहकार तो हा! याला सोसायटी लागत नाही न् सभा लागत नाही. मीही चार ठिकाणी मान डोलावली. पण नंतर आकडेमोड केली. ती धावपळ चालली पंधरा-वीस दिवस. मग ज्याचं त्याचं घर, ज्याचा त्याचा पंचनामा. पोफळीचं रोप आज लावलं तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. पंधरा दिवस माणूस नुसत्या उमाळ्यावर काढतो. सात वर्षांना वही लागते.

कोविडच्या काळात सभा ऑनलाइन घ्यायची परवानगी मिळाली होती. आमच्याकडे तोही प्रयोग झाला. त्यात सभासदांचे कपाळाचे भाग तेवढे दिसले आणि कोणाच्या तरी घरातला कुकर अध्यक्षांपेक्षा जास्त बोलला. त्या सभेत सर्व विषय एकमताने मंजूर झाले, कारण विरोधकांना आवाज सुरू कुठून करायचा ते सापडलं नाही.

म्हणून २०२२ ची सभा पुन्हा शाळेच्या हॉलमध्ये, सतरंजीवर भरली तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. साडेदहाची सभा पावणेअकराला, रीतसर. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मंजूर! ताळेबंद. मंजूर! बाहेर वड्यांचं तेल तापल्याचा वास येत होता, त्यामुळे मंजुरीला वेग आला होता. विषय सातवा, सहकार सप्ताहानिमित्त भव्य मेळावा घेण्यास व त्यासाठीच्या खर्चास मान्यता देणे. “मंजूर, मंजूर,” असं म्हणत अर्धी सभा उठायच्या बेतात असताना भिंतीपाशी बसलेल्या एका आजी म्हणाल्या, “मना येक इचाराचा हाय.”

आजींचा एक शेअर. नवऱ्यामागे नावावर झालेला. गेली कित्येक वर्षं त्या सभेला येत होत्या, शेवटपर्यंत बसत होत्या आणि एक अक्षर न बोलता डबा घेऊन जात होत्या. अध्यक्ष म्हणाले, “विचारा ना, आजी.”

“मेलाव्यान काय करतान?”

“सहकाराचं महत्त्व पटवून देतात.”

“कोनाला?”

“सभासदांना. आपल्याला.”

“आमाला पटलाय,” आजी म्हणाल्या. “पटला नसता तं आलू असतू का? त्या पैशानशी पोफलीची रोपा आना.”

हॉलमध्ये हशा उसळला आणि लगेच विरला. अध्यक्षांनी घाम पुसला. सूचना चांगली आहे, पण विषयपत्रिकेवर नाही, असं ते म्हणाले. सभेनंतर चहा घेताना बोलू, असंही म्हणाले. तेवढ्यात एक निवृत्त मास्तर उठले. ही उपसूचना आहे, ती मांडता येते, फक्त अनुमोदक हवा. झालं! आता अनुमोदक कुठून आणायचा? हॉलमधल्या प्रत्येकाचं काही ना काही अध्यक्षांकडे अडकलेलं. कोणाचं कर्ज, कोणाची मुदतवाढ, कोणाच्या मुलाची शिफारस. एक माणूस एक मत, हे वाक्य मेळाव्यात फार गोड लागतं. प्रत्यक्षात ते एक मत वर काढायला हात फार जड होतो. मी स्वतः त्या वेळी पंख्याकडे बघत होतो, हे नमूद करतो. पंखा हळू फिरत होता.

हात वर झाला तो आजींच्या चुलत दिरांचा. सबंध गावाला ठाऊक आहे, त्या दोघांचा वाडीच्या हद्दीवरून दावा चालू आहे आणि बोलणं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली आहेत. ते आजींकडे न बघता समोरच्या भिंतीवरच्या टिळकांना उद्देशून म्हणाले, “अनुमोदन.” आणि खाली बसले.

मग हात मोजावे लागले. मोजणी दोनदा झाली, कारण सेक्रेटरींना सवय नव्हती. उपसूचना थोड्या मतांनी मंजूर झाली. माझाही हात त्यांत होता. पहिले काही हात वर गेल्यावर बाकीचे फार हलके होतात.

मेळाव्याच्या पैशांत रोपं काही डोंगरभर येत नाहीत. श्रीवर्धन रोठा जातीची आली ती ज्यांचं नुकसान जास्त त्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळाली. आजींना मिळाली, दिरांनाही मिळाली. दोघांनीही ती वादातली पट्टी सोडून लावली. दावा अजून चालू आहे, बोलणं अजून बंद आहे. दिरांच्या बाजूला पंप आहे, पण आजींची रोपंही उन्हाळ्यात सुकलेली दिसली नाहीत, आणि त्याबद्दल दोन्ही घरांत कोणाला विचारायची सोय नाही.

पुढच्या वर्षी सभेला मी मुद्दाम साडेदहाच्या आधी गेलो. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त. सेक्रेटरींनी एका दमात वाचलं आणि नेहमीच्या वाक्यावर येऊन थांबले, ‘सभा अत्यंत खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.’ मंजूर म्हणायला तोंडं उघडली तेवढ्यात भिंतीपाशी हालचाल झाली.

“खेलीमेली कवा झाली?” आजींनी विचारलं. “भांडान झाला. तां लिवा.”

यावर पाऊण तास चर्चा झाली. ‘भांडण’ हा शब्द इतिवृत्तात बसत नाही, असं सेक्रेटरींचं म्हणणं. ‘साधकबाधक चर्चा’ असं मास्तरांनी सुचवलं, ते आजींना पटेना. अध्यक्षांनी ‘वैचारिक देवाणघेवाण’ काढलं, त्यावर चुलत दीर टिळकांकडे बघत मोठ्याने खोकले. बाहेर वडे थंड होत होते. शेवटी सेक्रेटरींनी ‘अत्यंत खेळीमेळीच्या वातावरणात’ एवढं तांबड्या शाईने खोडलं, समासात सही केली, आणि आता त्या वहीत तेवढंच वाक्य आहे, ‘सभा पार पडली.’